चढणीचे मासे आणि आपली सहल



एप्रिल उजाडला की आपल्या मंडळात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, गुढीपाडव्याच्या जेवणाचा हिशेब लागला का, आणि दुसरा, "यंदा धरणावर कधी जायचं?" पहिल्याचे उत्तर खजिनदार देतील. दुसऱ्याचे उत्तर आम्ही द्यायचे ठरवले आहे, आणि ते थोडे लांबणार आहे. सहलीच्या गाड्या ठरवण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे असल्यामुळे तेवढा हक्क आम्हांला आहे असे आम्ही समजतो.

ज्यांनी हे धरण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. बाल्टिमोरहून ईशान्येला तासाभराच्या आत सस्क्वेहॅना नदीवर कॉनोविंगो धरण लागते. १९२८ साली ते पुरे झाले. धरणाच्या माथ्यावरूनच रूट वन जातो, त्यामुळे आपल्यापैकी अनेकजण नकळत त्यावरून गेलेले असतील. नदी चेसापीक उपसागराला मिळते ती इथून फक्त दहा मैलांवर, हॅवर डी ग्रेस गावापाशी. मूळ कॉनोविंगो गाव धरणामागच्या तलावाखाली गेले. कोयनेच्या काठची माणसे आपल्यात आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वसंतात धरणाच्या पायथ्याशी जी गर्दी होते ती माशांची आणि माणसांची. शॅड नावाचा मासा समुद्रात वाढतो आणि चार-पाच वर्षांचा झाला की अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत चढतो. एकेका मादीच्या पोटात लाखाहून जास्त अंडी असतात. आपल्या बंगाली शेजाऱ्यांचा इलिश, ज्याला आपल्या किनाऱ्यावर पाला म्हणतात, तो याच नात्यातला. तशीच चांदी, तसेच काटे, तशीच गाबोळी. इथे रानात शॅडबुश नावाचे एक झुडूप पांढरे फुलते, तेव्हा शॅड नदीत आला असे जुने लोक समजत. कोकणात मृगाचा पहिला पाऊस पडला की ओढ्यांतून, शेतातून मासे वर चढतात आणि गावचे गाव टोपल्या, जाळी घेऊन बाहेर पडते. त्याला आपण चढणीचे मासे म्हणतो. शॅड म्हणजे अमेरिकेतला चढणीचा मासा. आपल्या लोकांना धरणाची ओढ का लागते, ते एवढ्यावरून कळावे.

आता गेल्या वर्षांतल्या एका सहलीची हकिगत सांगतो. ती सांगताना आम्हांला अभिमान वाटत नाही.

पाच कुटुंबे होतो. आमचे वडील त्या वर्षी सहा महिन्यांसाठी इकडे आले होते. आपल्याकडे येणाऱ्या आईवडिलांचे काय होते ते सर्वांना माहीत आहे. गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्याशी बोलता येत नाही, दिवसभर खिडकीतून बर्फ नाहीतर गवत पाहायचे. आमचे वडील तर वाशिष्ठीच्या काठचे. आल्यापासून गप्प होते. त्या दिवशी धरणाखाली उतरलो, त्यांनी पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चढण लागलेय." बस्स, त्यानंतर माणूस वेगळाच झाला. कोणाची तरी काठी मागून घेतली, गळ कसा बांधायचा ते हातवारे करून एका स्थानिक म्हाताऱ्याकडून शिकले, आणि दोन तासांत आमच्या बादलीत सात शॅड पडले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्ही तीन महिन्यांत पहिल्यांदा पाहत होतो.

तेवढ्यात भोंगा झाला. आमच्यापैकी काहींचे बालपण गिरणगावात गेलेले. भोंगा म्हणजे शिफ्ट सुटली, एवढेच आमच्या डोक्यात. लाल दिवे लागले तेही आम्ही पाहिले आणि पुन्हा गप्पांत रमलो. एका कुटुंबाचा नऊ वर्षांचा मुलगा पाण्यातल्या एका सपाट खडकावर जाऊन बसला होता. कोणाच्याच लक्षात नव्हते. ओरडले ते आमचे वडील. "पाणी सोडलंय रे! पोराला वर घ्या!"

त्यांना इंग्रजी येत नाही, पाटी वाचता आलेली नव्हती. पण कोयनेचे पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरते, आणि वीज चालू झाली की खाली चिपळूणकडे नदीचे पाणी चढते, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले होते. आम्ही पदवीधर मंडळी पाटी वाचून विसरलो. त्यांनी पाटी न वाचता ओळखले. मुलाला ज्या म्हाताऱ्याने गळ शिकवला त्यानेच गुडघाभर पाण्यातून उचलून आणले. काही मिनिटांत तो खडक दिसेनासा झाला होता.

मुलगा सुखरूप आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या म्हाताऱ्याने मुलाला खाली ठेवले, आमच्या बादलीत डोकावले, आणि अगदी शांतपणे सांगितले की हे मासे ठेवता येत नाहीत. शॅड पकडायचा आणि सोडायचा, असा कायदा आहे. आम्ही घाईने सातही पाण्यात सोडले. दोन पोहत गेले. बाकीचे पाच उलटे होऊन वाहत गेले.

गाडीत कोणी बोलले नाही. आणि घरी पोहोचल्यावर आमच्या लक्षात तिसरी गोष्ट आली, जी या दोन्हींपेक्षा आम्हांला जास्त टोचली. ती पुढे सांगतो.

आधी कायद्याचे. आपल्यात एक सूर नेहमी निघतो, "चार मासे नेले तर नदी थोडीच आटणार आहे?" दुसरा सूर असा की या लोकांनीच दोनशे वर्षे मासे उपसले, धरणे बांधली, पाणी नासवले, आणि आता नियम मात्र आपल्याला. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. एके काळी शॅड या नदीतून न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनपर्यंत चढत असे. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या शेतावरून पोटोमॅकमधले शॅड पकडून विकत होते. मग सस्क्वेहॅनावर यॉर्क हेवन, होल्टवूड, कॉनोविंगो, सेफ हार्बर अशी एकामागून एक धरणे झाली आणि चढणीची वाटच बंद झाली. त्यात बेसुमार मासेमारी आणि घाण पाणी. १९८० साली मेरीलँडने चेसापीकमध्ये शॅड पकडून ठेवण्यावर बंदी घातली, ती आजही आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा व्हिसाही झालेला नव्हता. पाप आपले नाही हे खरेच.

पण पुढचे ऐका. १९७२ पासून कॉनोविंगोला माशांसाठी पाळणा आहे, आणि १९९१ साली दुसरा मोठा झाला. मासे पाण्याच्या ओढीने एका हौदात येतात, हौद लिफ्टसारखा वर उचलला जातो आणि मासे धरणाच्या वरच्या बाजूला नेले जातात. २००१ साली या पाळण्याने एक लाख नव्वद हजारांहून अधिक शॅड वर गेले. सर्वांना वाटले, आता जमले. पण नंतर आकडा घसरत गेला, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही साली तो दहा हजारांच्याही आत आला. म्हणजे एवढ्या मोठ्या नदीची चढण आता काही हजार माशांवर येऊन ठेपली आहे. त्यातले पाच आम्ही एका दुपारी बादलीत मारले. त्यांतल्या माद्या गाबोळीने भरलेल्या होत्या. "चार माशांनी काय होते" या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे आता आहे.

आणि हे आपल्याला परके का वाटावे? आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालत नाहीत. वादळाची भीती हे एक कारण, पण तो माशांच्या विणीचा काळ असतो हेही त्यांना पक्के ठाऊक असते. दुसरीकडे, ओढ्यातले चढणीचे मासे आपण पोटातल्या अंड्यांसकट खात आलो, आणि आता गावी गेल्यावर "पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत" म्हणून हळहळतो. गंगेवर १९७५ साली फराक्काचा बंधारा झाला आणि अलाहाबादच्याही वर चढणारा इलिश तिथून पुढे जवळजवळ दिसेनासा झाला. धरणाच्या पायथ्याशी अडकलेला मासा म्हणजे बंद दारापाशी उभा असलेला पाहुणा. त्याला तिथेच गाठून मारणे यात मर्दुमकी नाही.

आता तिसरी गोष्ट, जी टोचली ती.

त्या दिवशी आमच्या घरात सातवा महिना चालू असलेली गर्भवती होती. शॅडची गाबोळी आणायची ती तिच्याच डोहाळ्यांसाठी. शॅड तर गेले, पण फ्रीझरमध्ये आधीच्या सहलींचे मोठे कॅटफिश आणि रॉकफिश होते, आणि आई मोठ्या प्रेमाने दर आठवड्याला त्याचे कालवण करून तिला वाढत होती. आम्ही पोटासाठी रसायनशास्त्र करतो. त्यात डॉक्टरेट आहे. क्लोरीनयुक्त संयुगांवर आम्ही चर्चासत्रांत तास तास बोललो आहोत. पण ज्या नदीचा मासा आपल्या ताटात आहे, त्या नदीत ती संयुगे किती, हे पाहण्याची बुद्धी आम्हांला त्या रात्रीपर्यंत झाली नव्हती.

पीसीबी हे नाव अनेकांनी ऐकले असेल. पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, एकूण २०९ प्रकारची संयुगे. अमेरिकेत १९२९ पासून १९७७ पर्यंत ती बनवली गेली. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर यांच्या तेलात ती घालत, कारण ती पेटत नाहीत, कुजत नाहीत, वीज वाहू देत नाहीत. न कुजणे हाच त्यांचा गुण आणि तोच दोष. १९७९ साली बंदी आली, पण तोवर जे नद्यांत गेले ते तळच्या गाळात अजून आहे. पाण्यात ती विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. गाळातून किड्यात, किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात असे चढत चढत त्यांचे प्रमाण वाढते. हीही एक चढणच, आणि तिच्या माथ्यावर आपण बसलेलो असतो. म्हणून म्हातारा, मोठा, चरबीचा, तळाशी खाणारा मासा सर्वांत वाईट. लहान आणि कोवळा मासा त्या मानाने बरा.

माणसाच्या शरीरातही ती वर्षानुवर्षे राहतात आणि आईकडून गर्भाला मिळतात. मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. गर्भात असताना ज्यांना पीसीबी जास्त पोहोचले, त्या मुलांची स्मरणशक्ती आणि बुद्ध्यंक अकराव्या वर्षीही कमी आढळले, असे १९९६ साली प्रसिद्ध झाले. एका अभ्यासावरून घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये.

स्वयंपाकघरासाठी एक महत्त्वाची गोष्ट. पीसीबी चरबीत असल्यामुळे कातडी, पोटाकडची पट्टी, पाठीवरची आणि कडेची काळपट चरबी काढून टाकली, आणि मासा जाळीवर भाजून गळणारे तेल फेकून दिले, तर त्यांचे प्रमाण बरेच कमी होते. आपली पद्धत नेमकी उलटी आहे. आपण कातडीसकट तुकड्या करतो, डोके टाकत नाही, आणि सगळे तेल रश्श्यात उतरवून तो रस्सा भातावर ओरपतो. चव तिथेच असते, हे आम्हीही जाणतो. पण नदीतल्या मोठ्या माशाच्या बाबतीत विषही तिथेच असते. पाऱ्याचे मात्र वेगळे आहे. माशातला मिथाइल पारा चरबीत नसून मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. तो कापून, धुऊन, भाजून जात नाही. त्याला उपाय एकच, कोणता मासा किती वेळा खायचा ते ठरवणे.

हे ठरवण्यासाठी राज्य सरकारचे पर्यावरण खाते एक तक्ता प्रसिद्ध करते. कोणत्या नदीतला कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे त्यात पुरुष, मूल होऊ शकणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी वेगवेगळे दिलेले असते. तो फुकट मिळतो. आम्ही त्या रात्री तो वाचला आणि फ्रीझर रिकामा केला. आईला वाटले, तिच्या हातच्या कालवणाचा आम्हांला कंटाळा आला. तिला समजावून सांगायला दोन दिवस लागले. शेवटी ती एवढेच म्हणाली, "मग तू शिकलास ते आधी का नाही सांगितलंस?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराच्या जागी आहे. (बाळ छान आहे, रांगायला लागले आहे.)

म्हणून मासेच सोडा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या शाकाहारी मित्रांना या वाक्याने थोडी निराशा होईल, त्याला इलाज नाही. गरोदरपणात पारा कमी असलेले मासे आठवड्याला आठ ते बारा औंस खावेत असेच इथले सरकारी तज्ज्ञ सांगतात; बाळाच्या मेंदूला ते हवे असतात. तारल्यांच्या जातीचे सार्डिन, सामन, तिलापिया दुकानात मिळतात, त्यांचे कालवण करा. प्रश्न मासे खाण्याचा नसून कोणते, कुठले आणि कसे, याचा आहे.

सहल बंद करावी असेही आमचे मत नाही. कार्यकारिणीत तशी सूचना आली होती, तिला आम्ही विरोध केला. आमच्या वडिलांचा त्या दोन तासांतला चेहरा आम्ही पाहिला आहे. आपल्याकडे येणाऱ्या वडीलधाऱ्यांना देवळाखेरीज जिथे आपलेसे वाटते अशी जागा ही नदी आहे. ती त्यांच्यापासून काढून घेऊ नये. मात्र पुढील गोष्टी मंडळाने ठरवून पाळाव्यात:

१. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने मासेमारीचा परवाना काढावा. पाहुणे आलेल्या आईवडिलांनाही तो लागतो. जूनचे पहिले दोन शनिवार आणि ४ जुलै या दिवशी मेरीलँडमध्ये परवान्याशिवाय मासे धरता येतात. ज्यांना एकदाच हौस करायची आहे त्यांनी ते दिवस निवडावेत.

२. शॅड आणि नदीतले हेरिंग बादलीत जाणार नाहीत. गळाचा काटा बिनदात्याचा असावा, हात ओले करूनच मासा धरावा, शक्य तर पाण्याबाहेर न काढता सोडावा. शॅड फार नाजूक असतो, खवले लगेच निघतात. रॉकफिशचे नियम गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलले आहेत, ते दर वर्षी निघण्यापूर्वी नव्याने वाचावेत.

३. भोंगा झाला किंवा लाल दिवे लागले की गप्पा, डबे, गळ सर्व टाकून सगळ्यांनी वर यायचे. विजेची मागणी वाढली की पाणी सोडतात. त्याला वेळकाळ नसतो, आणि आकाश निरभ्र असले तरी नदी चढते. पाण्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे. एप्रिलचे पाणी इतके गार असते की चांगला पोहणाराही पडताक्षणी धाप लागून पाणी गिळतो. मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी आळीपाळीने दोन मोठी माणसे नेमावीत, आणि त्यांनी त्या वेळी गळ हातात धरू नये.

४. पर्यावरण खात्याच्या तक्त्याचे मराठी रूपांतर आम्ही करून देऊ. पुढच्या अंकासोबत ते एका पानावर येईल. ते फ्रिजवर चिकटवावे, म्हणजे ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्या आजीच्या नजरेसमोर ते राहील. स्वयंपाक तीच करते.

५. आणि ज्यांना मासा घरी आणल्याशिवाय सहल पूर्ण वाटत नाही त्यांच्यासाठी खुशखबर. या नदीत आपली मरळ आली आहे! म्हणजे तिची चिनी बहीण, नॉर्दर्न स्नेकहेड. २००२ साली ती मेरीलँडमध्ये क्रॉफ्टनच्या तळ्यात सापडली तेव्हा केवढा गहजब झाला होता. आता ती पसरली असून इथल्या माशांना खाते, म्हणून ती पकडून न्यावी असेच सरकार सांगते. किती न्याव्यात याला मर्यादा नाही. लोकांनी खावी म्हणून २०२४ साली मेरीलँडने तिचे नावही बदलून 'चेसापीक चाना' केले. भिगवणकडच्या मंडळींना चाना म्हणजे काय ते सांगायला नको. फक्त दोन पथ्ये. ती जिवंत नेणे बेकायदा आहे, जागेवरच मारावी. आणि बोफिन नावाचा इथला मूळचा मासा तिच्यासारखाच दिसतो. पोटाखालचा शेपटीकडचा पर लांबलचक असेल तर मरळ, आखूड असेल तर बोफिन, त्याला सोडून द्यावे. मरळ झाली म्हणून पीसीबी चुकत नाहीत, तिच्यासाठीही तक्ता पाहावाच. पण निदान तिच्या गाबोळीचे पाप लागत नाही.

शेवटी एक. परत जाण्यापूर्वी वडिलांना आम्ही पुन्हा एकदा धरणावर नेले. या वेळी परवाना काढून. त्यांनी एक शॅड पकडला, पाण्यातच ठेवून गळ काढला, आणि थोडा वेळ त्याला दोन्ही हातांत प्रवाहाकडे तोंड करून धरले. मासा निघून गेला. वडील म्हणाले, "आमच्याकडे कोणी असं सांगितलं असतं, तर वाशिष्ठीत अजून असते."

आपल्या मुलांनी पन्नास वर्षांनी सस्क्वेहॅनाबद्दल असे म्हणू नये, एवढीच इच्छा. सहलीची तारीख कार्यकारिणीच्या बैठकीत ठरेल. कोणाला वरील सूचना जाचक वाटत असतील तर बैठकीला येऊन जरूर भांडावे, चहा मंडळाचा.